इशारा पातळीच्या खाली

आत्ती लाईट घ्यायला आमच्याकडं राहायला आली ती एप्रिल २०२२ मध्ये. लाईट म्हणजे रेडिएशन. आमच्या भागात कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक. बाहेरून पंचवीस वेळा, मग आतून तीन वेळा, आणि दर सोमवारी केमोची बाटली. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, दुसरी स्टेज, त्यातलीही पुढची. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात तिनं एक कोपरा धरला, खिडकीत ज्योतिबाचा फोटो ठेवला आणि तिसऱ्या दिवशी रिक्षातून जाताना, समोर बघतच, मला विचारलं, "आलं कुठनं गं हे?"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सायटोलॉजीचं काम करते. एकवीस वर्षं झाली. बायकांच्या पिशवीच्या तोंडाच्या पेशी बघायच्या, म्हणजे पॅप स्मिअर, हे माझं रोजचं काम. स्लाइड रंगवायची, मायक्रोस्कोपखाली या कडेपासून त्या कडेपर्यंत बघायची, काही वेगळं दिसलं की शाईचा ठिपका देऊन पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडं सरकवायची. या प्रश्नाचं उत्तर ज्यांना आलंच पाहिजे, अशा माणसांत मी मोडते. मला ते देता आलं नाही. म्हणाले, "ते कुठनंबी येतं, आत्ती." तिनं मान वळवली आणि रंकाळ्याकडं बघत राहिली.

ती खरं काय विचारत होती ते मला कळत होतं. मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, वीस वर्षं गुळाच्या ट्रकवर होते. शाहूपुरीतून गूळ भरायचा आणि गुजरात गाठायचं. आठ-आठ दिवस घराबाहेर. आजाराचं नाव गावात पोचलं त्या आठवड्यात तिच्या जावेनं चुलीपुढं बसून "ट्रकवरची माणसं, काय सांगावं" एवढंच म्हटलं होतं. मामांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांना विचारता येत नव्हतं, आणि त्यांच्या बाजूनं बोलणारंही कुणी नव्हतं. दुसरी बाजू याहून वाईट. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, पण बाईच्या त्या जागेचा आजार म्हटला की बाईच्या चालीवर जाऊन थांबणारी एक नजर असते. अठ्ठावन्न वर्षांची, पाच लेकरांची आई असलेली माझी आत्ती ती नजर ओळखून होती.

या कॅन्सरच्या मुळाशी एक विषाणू आहे, एचपीव्ही. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये याच कॅन्सरच्या गाठींमधून त्याचा १६ नंबरचा प्रकार शोधून काढला, पुढच्या वर्षी १८ नंबरचा. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जगभरातल्या दहांपैकी सात रुग्णांत हेच दोन नंबर सापडतात. शरीरसंबंधातून तो येतो हे खरं. पण तो इतका सर्रास आहे की बहुतेक बायकांना आणि बहुतेक पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठून गेलेला असतो, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागलेला नसतो. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होतो. शिवाय आज जी गाठ हाताला लागते ती पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या संसर्गातून वाढलेली असते. एवढ्या मागचा माग काढणारी तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होत नाही.

म्हणून ‘आलं कुठनं’ या प्रश्नाला उत्तर नाही, आणि मिळालं असतं तरी त्यानं कुणाचं भलं झालं नसतं. मला विचाराल तर या आजारात विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा विषाणू अंगात शिरलेल्या दहांपैकी नऊ जणींमध्ये तो दोन वर्षांच्या आत निघून जातो. औषध नाही, पथ्य नाही, कुणाला कळतही नाही. शरीर आपलं आपण त्याला घालवतं. मग आत्तीच्या अंगात तो राहिला कसा?

माझ्या टेबलावर या प्रश्नाची एक बाजू रोज दिसते. पॅपच्या रंगात अगदी वरच्या थरातल्या पेशी गुलाबी-नारिंगी दिसतात, त्यांच्या खालच्या निळसर हिरव्या. पातळ, चौकोनी-पंचकोनी, ओल्या जमिनीवर पडलेल्या पाकळ्यांसारख्या. मधोमध केंद्रकाचा बारीक ठिपका. अशा शेकडो पेशी नजरेखालून सरकत असतात आणि मध्येच एक येते, जिच्या केंद्रकाभोवती पंच मारून काढल्यासारखं मोकळं वलय असतं. वलयाच्या कडेला रंग दाटून आलेला. केंद्रक फुगलेलं, काळपट, मनुक्यासारखं सुरकुतलेलं. कधी एकाऐवजी दोन. तिला कोइलोसाइट म्हणतात, ग्रीक भाषेतल्या ‘पोकळ’ या शब्दावरून. लिओपोल्ड कॉस यांनी १९५६ मध्ये हे नाव रूढ केलं, तेव्हा ती पोकळी विषाणूची करणी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आज ती दिसली की समजायचं, एचपीव्ही इथं आहे.

शिकत असताना मला एका गोष्टीचं फार नवल वाटायचं. ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची लागण असो की बुरशीची, त्या स्लाइडवर लढाई दिसते. पांढऱ्या पेशींची झुंबड उडालेली, पेशी फाटलेल्या, सगळा गढूळपणा. कोइलोसाइटच्या आसपास मात्र बऱ्याचदा काहीच नसतं. शेजारच्या पेशी निवांत. मी आमच्या मॅडमना विचारलं होतं, हिच्याभोवती कुणी जमा का होत नाही? त्या म्हणाल्या, "कारण कुणाला हाकच गेलेली नाही."

हाक जाण्याची गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला राजाराम बंधाऱ्यावरून समजते. पावसाळ्यात आमचा दिवस त्या आकड्यानं सुरू होतो. कसबा बावड्याच्या बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. पाणी दारात यायच्या आधी आकडा येतो. त्या आकड्यावर गोठ्यातली जनावरं सुटतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरतात, शाळांचे वर्ग उघडतात. आत्तीचं गाव प्रयाग चिखलीच्या पलीकडचं, चार नद्यांचं पाणी एक होऊन पंचगंगा होते त्या अंगाला. तिथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी हे दोन आकडे पाठ होतात.

आपल्या प्रत्येक पेशीत अशी मोजपट्टी असते. एक नाही, बऱ्याच. टीएलआर-नाइन नावाचं प्रथिन पेशीच्या आतल्या पिशव्यांमध्ये बसून परक्या धाटणीचा डीएनए ओळखतं. सीगॅस नावाचं दुसरं, पेशीच्या रसात मोकळा डीएनए सापडला की स्टिंग नावाच्या तिसऱ्याला जागं करतं. त्यातून इंटरफेरॉन बाहेर पडतं. इंटरफेरॉन म्हणजे दवंडी. ती ऐकून शेजारच्या पेशी दारं लावून घेतात, विषाणूच्या प्रती काढणारी यंत्रणा बंद पाडतात. त्याच वेळी दुसरे निरोप जातात, त्यांच्या वासावर लांगरहान्स पेशी येतात. या त्वचेतल्या पहारेकरी. त्या विषाणूचा तुकडा उचलून लसिकाग्रंथीत नेतात आणि टी पेशींना ओळख पटवतात: हा बघून ठेवा. मग टी पेशी निघतात आणि बाधलेल्या पेशी एकेक करून संपवतात. सगळा डोलारा पहिल्या निरोपावर उभा आहे.

एचपीव्ही पहिली हुशारी करतो ती इशारा पातळीच्या खाली राहण्याची. पिशवीच्या तोंडाशी दोन प्रकारची अस्तरं एकमेकांना भेटतात. बाहेरचं जाड, थरांचं. आतलं नाजूक, एका थराचं. त्या संगमावर, बारीकशा ओरखड्यातून, तो अस्तराच्या अगदी तळच्या पेशींमध्ये उतरतो. तिथं वाढत नाही. एका पेशीत पन्नास-शंभर प्रती, बस्स. तळची पेशी हळूहळू वर सरकत जाते, आणि चार-सहा दिवसांत ती अशीही गळून पडणार असते तेव्हा, अगदी वरच्या थरात, तो हजारो प्रती काढतो. पेशी फोडत नाही. रक्तात उतरत नाही. ताप नाही, दुखणं नाही. पेशी आपल्या मरणानं गळते आणि तिच्यासोबत तो बाहेर पडतो. माझ्या स्लाइडवरच्या कोइलोसाइट म्हणजे या वरच्या थरातल्या, निघायच्या तयारीतल्या पेशी.

दुसरी हुशारी म्हणजे मोजपट्टीच मोडून ठेवणं. विषाणूची ई-सिक्स आणि ई-सेव्हन नावाची दोन प्रथिनं हे काम करतात. ई-सिक्स, इंटरफेरॉनचा हुकूम काढणाऱ्या आयआरएफ-थ्रीला धरून ठेवतं. ई-सेव्हन स्टिंगचं तोंड दाबतं. टीएलआर-नाइन तर पेशीत बनेनासंच होतं. लांगरहान्स पेशींना बोलावणारा निरोप क्षीण होतो आणि त्या भागातले पहारेकरीच विरळ होतात. ई-फाइव्ह नावाचं तिसरं प्रथिन, पेशीनं बाहेरच्या अंगाला टांगायची ओळखपाटी आतच अडकवून ठेवतं, म्हणजे टी पेशी दारात आली तरी तिला कळू नये की या घरात कोण शिरलंय.

यात विषाणूला कॅन्सर करायचा नसतो, ही गोष्ट मला फार विचित्र आणि फार दुःखाची वाटते. त्याला फक्त प्रती काढायच्या असतात. वरच्या थरातल्या पेशींनी विभाजन थांबवलेलं असतं, त्यामुळं डीएनए उतरवून काढायची सामग्री तिथं बंद असते. ती चालू करायला ई-सेव्हन पेशीचा ब्रेक काढतं. आरबी नावाचं प्रथिन. ब्रेक निघाला की पेशीतलं दुसरं प्रथिन, पी-५३, ओळखतं की काहीतरी बिनसलंय आणि पेशीला थांबायला, नाहीतर मरायला लावतं. म्हणून ई-सिक्स त्या पी-५३ चा निकाल लावून टाकतं. बहुतेक वेळा ही खटपट अशा पेशीत होते जी दोन दिवसांत गळणार असते, म्हणून काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं विषाणू मुक्कामाला राहिला तर कधीतरी एखाद्या पेशीत त्याचा डीएनए तुटतो आणि आपल्या गुणसूत्रात जाऊन शिवला जातो. तुटताना बऱ्याचदा ई-टू नावाचा भाग मोडतो. ई-सिक्स आणि ई-सेव्हनवर लगाम असतो तो याच ई-टूचा. आता ती पेशी गळत नाही, मरत नाही, थांबत नाही. तिच्यातून नवा विषाणूही बाहेर पडत नाही. त्याचाही रस्ता तिथंच संपतो.

शरीराचा पहारा किती मोलाचा आहे ते, तो जिथं ढिला पडतो तिथं दिसतं. एचआयव्ही असलेल्या बायकांना या कॅन्सरचा धोका सहापट. ज्या प्रवासाला एरवी पंधरा-वीस वर्षं लागतात तो उपचार न मिळालेल्या एचआयव्हीत पाच-दहा वर्षांत होतो. मूत्रपिंड बदललेल्या आणि त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही जपावं लागतं. विषाणू तोच, पण हाकेला ओ द्यायला माणूस नाही.

आणि पुढं पुढं तर हाक फिरते. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. सुरुवातीला जिथं दाह नसतो तिथं कॅन्सर झाल्यावर दाह असतो, पण तो गाठीच्या कामाला लागलेला. गाठ इंटरल्यूकिन-सिक्ससारखे निरोप सोडते. त्यानं आलेल्या पेशी लढायचं सोडून नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. टीजीएफ-बीटा आणि इंटरल्यूकिन-टेन टी पेशींना शांत करतात. गाठीच्या पेशी अंगावर पीडी-एलवन नावाची खूण चढवतात. ती दिसली की टी पेशी हात आवरते. ॲपोबेक नावाचे पेशीचेच पहारेदार असतात, विषाणूच्या डीएनएतली अक्षरं खोडून तो निकामी करायला नेमलेले. ते परक्याची पानं खोडता खोडता आपलीच वही खोडायला लागतात. या कॅन्सरच्या डीएनएत आढळणाऱ्या बिघाडांपैकी पुष्कळसे या खोडाखोडीच्या धाटणीचे असतात.

आत्तीला पहिल्यांदा अंगावरून गेलं ते जुलै २०२१ मध्ये. पाळी बंद होऊन सात वर्षं झाली होती. त्याच आठवड्यात महापूर आला. २०१९ ला घर बुडालेलं, ते उभं करून दोन वर्षं झाली नव्हती तोवर परत. पोतीभर शेंगा, भाताचं बी, जनावरांची वैरण, सगळं पाण्यात. ती बायकापोरांसोबत शाळेच्या वर्गात राहिली, जुन्या पातळाच्या घड्या करून वापरल्या, रात्री पोरं झोपल्यावर धुतल्या. नंतर मला म्हणाली, "घरात कंबरंएवढं पाणी आणि माझं हे कुणाला सांगत बसू?" पाणी ओसरलं, गाळ काढला, ऊस कुजला तो तोडून टाकला. आठ महिने गेले.

त्याच्याही आधीची चार वर्षं ती पांढरं जातंय म्हणून एका दवाखान्यात जात होती. दर वेळी गोळ्या आणि मलम. एकदाही तिला टेबलावर घेऊन आतून कुणी बघितलं नाही. स्पेक्युलम घालून, दिव्याच्या उजेडात, दोन मिनिटं. मला त्या दवाखान्याचा राग येतो. पण तेवढाच राग स्वतःचाही येतो. मी दिवाळीला जायची, जत्रेला जायची. तिची शुगर विचारायची, बीपीची गोळी घेतलीस का विचारायची. दिवसाला चाळीस-चाळीस अनोळखी बायकांच्या पेशी बघणाऱ्या मला सख्ख्या आत्तीला ‘तुझी एकदा तपासणी करूया’ म्हणायला एकवीस वर्षांत सुचलं नाही. वडिलांच्या बहिणीशी हे कसं बोलायचं, एवढाच तो संकोच.

अशी तपासणी आपल्याच मातीत किती आधी झाली आहे हे कळल्यावर तर मला जास्तच लागलं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात केली. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. पुढं त्याच माणसांनी टाटा रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, आत्तीसारख्याच बायका. चार गट: एकात एचपीव्हीची तपासणी, एकात पॅप, एकात व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं, आणि एका गटात नेहमीचंच, म्हणजे तपासणी नाही. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. तो निष्कर्ष २००९ मध्ये जगभर पोचला. त्या ६४ जणींचा विचार मनातून जात नाही. तपासणी काय असते हे ठाऊक असताना एका गटाला ती न देणं बरोबर होतं का, यावर पुढं वाद झाला, आणि व्हायलाच पाहिजे होता.

त्याच अभ्यासात पॅपच्या गटात मृत्यू म्हणण्यासारखे घटले नाहीत. ज्या कामात माझी एकवीस वर्षं गेली त्याबद्दलचं हे वाक्य मी दोनदा वाचलं. पेशींचं रूप पालटलेलं बघायचं तर चांगली स्लाइड पाहिजे, सरावाचा डोळा पाहिजे, आणि दर काही वर्षांनी बाईनं परत यायला पाहिजे. एचपीव्हीची तपासणी रूप पालटायच्या आधीच सांगते की पाहुणा घरात आहे. जागतिक आरोग्य संघटना आता तीच पहिली तपासणी म्हणून सुचवते, निदान पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत परत एकदा. मला ते पटतं. बंधाऱ्यावरचा आकडा शरीरानं दिला नाही तर तो बाहेरून वाचावा लागतो.

अठराव्या लाईटच्या संध्याकाळी आत्तीला जरा तरतरी होती. केमोनं तोंडाची चव गेली होती, पण ती म्हणाली नदीवर जाऊ. पंचगंगेच्या घाटावर पायऱ्यांवर बसलो. मे महिना, पाणी पार तळाला गेलेलं, शिवालयं उघडी पडलेली. तिथं मी तिला हे सगळं सांगितलं. ई-सिक्स, ई-सेव्हन नाही, मोजपट्टीचं सांगितलं. विषाणू पातळीच्या खाली राहतो, मग पट्टीच मोडतो, मग निरोप जात नाही.

ती बराच वेळ पाण्याकडं बघत होती. "म्हंजे भोंगाच वाजला न्हाई."

"न्हाई वाजला."

"आणि वाजायला पायजे हुता त्ये कुणाच्या हातात हुतं?"

"कुणाच्याच नाही आत्ती. तुझ्या न्हाई, मामांच्या न्हाई. दहातल्या नऊ जणींचा वाजतो. त्यांनाही कळत नाही की वाजला."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मामांचं नाव मी मुद्दाम घेतलं होतं, ते तिला कळलं असावं. उठताना म्हणाली, "त्यांनी गुजरातनं परत येताना माझ्यासाठी बांगड्या आणल्या न्हाईत असं कधी झालं न्हाई." त्यानंतर तिनं तो प्रश्न मला पुन्हा विचारला नाही.

लाईटचे दिवस पुरे झाले. शेवटीशेवटी रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या, एक आठवडा केमो थांबवावी लागली. किरणांनी मोडलेल्या पेशींमधून डीएनएचे तुकडे बाहेर पडतात, आणि विषाणूनं झोपवलेली ती स्टिंगची घंटा काही वेळा त्यांनी परत वाजते, असं मी वाचलं होतं. आत्ती लाईटच्या खोलीत गेली की बाहेरच्या बाकावर बसून मी त्याचाच विचार करायची. आता तर टी पेशींचा आवरलेला हात मोकळा करणारं पेम्ब्रोलिझुमॅबसारखं औषधही, आजार आत्तीहून पुढच्या स्टेजला गेलेल्या बायकांना, लाईट-केमोच्या जोडीनं देतात. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याची किंमत उसाच्या बिलावर चालणाऱ्या घराला झेपणारी नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात या कॅन्सरच्या सुमारे सव्वा लाख नव्या रुग्ण झाल्या आणि सुमारे ऐंशी हजार बायका गेल्या, असा अंदाज आहे. त्यांतल्या कितीजणींच्या घरात एवढा पैसा असेल?

लसीचं मात्र तसं नाही. विषाणूच्या वरच्या कवचाचं एकच प्रथिन घ्यायचं. ते आपोआप गोळा होऊन हुबेहूब विषाणूसारखी रिकामी टरफलं बनवतं. आत डीएनए नाही, म्हणून ती काही करू शकत नाहीत. ती दंडाच्या स्नायूत टोचली की जो विषाणू एरवी रक्ताला शिवतच नाही त्याचं रूप शरीराला भरदिवसा दाखवल्यासारखं होतं. नैसर्गिक लागणीनंतर अँटिबॉडी जेमतेम बनतात, कितीकांत बनतही नाहीत; लसीनंतर त्या कितीतरी पटींनी जास्त बनतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पुण्यात सीरमनं बनवलेल्या सर्वाव्हॅकला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवरची लस. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती द्यायची ती विषाणू यायच्या आधी, कारण आलेल्याला ती घालवू शकत नाही. माझा आतेभाऊ म्हणाला, "एवढ्या लहान पोरीला असलं कशाला?" आत्ती भाकरी थापत होती, तिनं हात थांबवले नाहीत. "पाऊस पडायच्या आधी शेकरतात घर," एवढंच बोलली. नातीला दोन्ही डोस झाले.

घरी परत गेल्यावर आत्तीनं एक केलं, ते मला जमलं नसतं. गावातल्या भजनी मंडळात, शुक्रवारच्या बायकांत, तिनं आजाराचं नाव घेतलं. ‘पोटाचं काहीतरी’ असं नाही, ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालता मला’ असं. काय जात होतं, किती दिवस लपवलं, आत बघायला किती वेळ लागतो, दुखतं का. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका शनिवारी तिच्या गावच्या अकरा बायका वडापनं कोल्हापुरात आल्या, माझ्या ओळखीच्या लेडी डॉक्टरांकडं. आत्ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसली आणि एकेकीला आत पाठवत गेली. जाऊबाई सातवी होती.

सोमवारी त्या अकरा स्लाइड माझ्या टेबलावर आल्या. काचेच्या खरखरीत कडेवर पेन्सिलीनं नावं लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. एरवी मी नावं बघत नाही, नंबर बघते. त्या दिवशी बघितली. आठ स्वच्छ होत्या. दोनमध्ये साधी लागण. नववी वहिनीची होती, आत्तीच्या सुनेची, वय छत्तीस. डावीकडून तिसऱ्या ओळीत मी थांबले. मोकळं वलय, कडेला दाटलेला रंग, मनुक्यासारखं केंद्रक. तिच्या शेजारी आणखी दोन. आजूबाजूला शांत. मी ठिपका दिला आणि स्लाइड मॅडमकडं नेली. त्यांनी बराच वेळ बघून लिहिलं: सौम्य बदल, वर्षानं पुन्हा तपासणी.

संध्याकाळी फोन केला. वहिनीला सांगितलं की हा कॅन्सर नाही, बहुतेकींचं हे आपोआप जातं, पण वर्षानं परत यायचं, विसरायचं नाही. ती गप्प झाली. मागं गोठ्यातल्या म्हशीचा आवाज येत होता. मग फोन आत्तीनं घेतला. मला वाटलं, आता परत तेच विचारणार.

"राह्यलंय का गेलंय," ती म्हणाली, "हे आपल्याला कवा कळंल?"

"पुढच्या दिवाळीच्या आधी."

"थांब," म्हणाली. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. कॅलेंडरची पानं उलटत होती, पण पुढचं वर्ष त्यात नव्हतं. परत येऊन तिनं सांगितलं, नवीन आणलं की पहिलं तेच लिहीन.